इनासच्या गोष्टीचा उरलेला भाग

इगर्जीची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा वाजू लागली तेव्हा मी दुकानात गूळ जोखत होतो आणि सोबत एक गोष्ट सांगत होतो. ही दोन कामे मी नेहमी एकदमच करतो. गोष्टीत गुंतलेले गिऱ्हाईक तराजूच्या काट्याकडे बघत नाही, असे माझी बायको म्हणते. तिचे मनावर घेऊ नये. गोष्ट दशावतारातल्या एका राक्षसाची होती. तरुणपणी मी दशावतारी मंडळीत लुगडे नेसून उभा राहत असे, तेव्हाची. राक्षसाचे काम करणाऱ्या इसमाला त्या दिवशी टाळ्या मिळत होत्या, त्यामुळे तो मरायलाच तयार नव्हता. कितीही बाण मारा, पुन्हा उठून गर्जना करायचा. शेवटी मी सांगता सांगता त्याच्या छातीत भाला खुपसला, आणि नेमकी त्याच क्षणी घंटा वाजली... टण्ण. मी बोट वर केले, डोळे गरगर फिरवले आणि म्हणालो, "ऐकलास? मेलो एकदाचो!" दुकानातली माणसे पोट धरून हसली. दुसरा टोल पडला, तोही मी गोष्टीत घातला. तिसऱ्या टोलाला दारात मिंगेल उभा होता, इगर्जीच्या बाजूला राहणारा. तो हसत नव्हता.

"भाऊ," तो म्हणाला, "इनास गेलो."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. माझ्या मित्राच्या मयताच्या घंटेवर मी दोन वेळा हशा घेतला, हे मी कोणाला सांगितले असते तर त्यावरही हशा मिळाला असता. मला हशा मिळतोच. देवाने ती एक खोड मला दिली आहे, आणि इनासला तिचे काय भोगावे लागले तेच आज सांगायला बसलो आहे.

इनास माझ्या वयाचा. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे आमची वाडी. एका अंगाला माडांत मासे मारणाऱ्या गाबतांची घरे, दुसऱ्या अंगाला इगर्जीभोवती किरिस्तावांची, आणि मध्ये माझे दुकान, दोघांचेही मीठ-मिरची घेऊन. इनास काथ्याचे दोर वळायचा आणि रापणीत असायचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे भले मोठे जाळे. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडून येते आणि सारी वाडी दोन्ही टोकांचे दोर धरून ते वाळूवर ओढते. ज्याचा दोराला हात, त्याचा मासळीत वाटा. हा हिशेब आमच्याकडे जातपात बघत नाही. इनास दोराला सगळ्यांत पुढे, पाण्यात कमरेपर्यंत, आणि ओढताना अशी आरोळी ठोकायचा की मागच्यांना आपण उगाच आलो असे वाटावे. त्याची बायको कतरीन गोव्यातली, बारदेशची. लग्न होऊन आली तेव्हा तिला आमची भाषा अडाणी वाटायची. पुढे तिने त्याच भाषेत आम्हा सगळ्यांना मासळीबाजारात गप्प केले.

तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि सरहद्दीवर नाकेबंदी होती. दोडामार्गाच्या बाजूने माणसे रानवाटांनी ये-जा करत, आणि त्यांच्याबरोबर घड्याळे, कापड, बाटल्याही ये-जा करत. आमच्या वाडीत असले काही नव्हते, आमचे फक्त नारळ चोरीला जात. पण सरकारला सगळा किनारा एकसारखाच दिसतो. एके सकाळी फौजदारसाहेब होडीतून उतरले. उतरताना एक बूट पाण्यात भिजला, म्हणून निम्मे भाषण त्यांनी एका पायावर उभे राहून केले. "चोर पकडणे हे पोलिसांचे काम आहे," ते म्हणाले, "पण चोर ओळखणे हे तुमचे काम. वाडीत कोण कसा आहे, ते तुमच्याइतके आम्हाला कुठून कळणार?" या वाक्याला आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी माझी होती.

अशा रीतीने आमचे ग्रामरक्षक दल निघाले. आपा गावकर हे रापणीचे मुख्य आणि देवळातले मानकरी, ते दलाचेही मुख्य झाले. आमच्याकडे चांगले डोके सापडले की सगळ्या टोप्या त्याच्यावरच घालतात. मी होतो, इनास होता, आणखी काहीजण होते. प्रत्येकाला एक लाठी आणि दंडाला बांधायचा पट्टा, आणि सगळ्यांत मिळून एक शिटी. शिटी कोणी घ्यावी यावरून फौजदारांच्या समोरच भांडण जुंपले. शेवटी ती इनासला मिळाली, कारण दोर ओढून ओढून त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी झाली होती. आठवड्यातून एकदा ठाण्यावरून हवालदार यायचा. हा घाटावरचा माणूस, वाळत घातलेल्या सुक्या मासळीजवळून जाताना नाकाला रुमाल लावायचा, पण मनाने सरळ. तो आम्हाला पुळणीवर कवायत शिकवी. 'डावा, उजवा' करताना आमचे पाय वाळूत रुतत. इनास ओरडायचा, "हवालदारांनू, डावो गेलो खाली, आता उजव्याचा काय करू?"

दलाची पहिली कामगिरी मी अजून सांगतो. एका संध्याकाळी आपांच्याच माडावर इनासला चोर दिसला. त्याने छाती भरून शिटी फुंकली. आता किनाऱ्यावर अशी खूण ऐकली की आमच्या लोकांना एकच अर्थ ठाऊक: मासळी लागली! बाप्ये होडीकडे धावले, बायका टोपल्या घेऊन धावल्या, म्हातारे काठ्या टेकत धावले, आणि दलाचे मुख्य आपा लाठी टाकून गुडघाभर पाण्यात उभे राहिले. त्या दिवशी हवालदार वाडीतच होता. तो धापा टाकत आला. "चोर कुठाय? चोर?" आपा समुद्रावरची नजर न काढता म्हणाले, "चोराचा ऱ्हवांदे हो, बांगडो खंय दिसलो?" चोर तेवढ्यात माडावरून सावकाश उतरला आणि नारळ खांद्यावर टाकून गर्दीतूनच गेला. जाताना एका बाईला विचारून गेला, "मासळी बरी लागली काय गो?"

असे आमचे दल. आम्ही त्याच्यावर हसायचो, इनास सगळ्यांत जास्त. पण त्या वर्षी नारळचोऱ्या कमी झाल्या, हेही खरे. शिटीला चोर भ्यायला लागले होते. आणि आम्हाला वाटायला लागले होते की चोर ओळखणे आम्हाला खरोखरच येते.

श्रावण लागला. पावसाळ्यात रापणीचे जाळे आणि दोर किनाऱ्यावरच्या मांगरात ठेवलेले असतात. मांगर म्हणजे झापांच्या, माडाच्या विणलेल्या पानांच्या, भिंतींची मोठी खोपी. त्या पावसाळ्यात चावी इनासकडे होती, कारण दोर तपासायचे काम त्याचे. दलाचा पहाराही तिथेच असे. नारळी पौर्णिमेच्या तयारीला सगळे जमलो, इनासने कमरेची चावी काढून कुलूप उघडले, आणि आत जाळ्याचा सगळ्यांत मोठा भाग नव्हता. नवे दोरही नव्हते. बायका तिथेच वाळूवर बसल्या. जाळे गेले म्हणजे सगळ्या वाडीची चूल गेली.

हवालदार आला. कुलूप शाबूत, कडी शाबूत. त्याने विचारले, "चावी कोणाकडं होती?" मग विचारले, "वाडीत गोव्यात सोयरीक कुणाची?" दोन्ही प्रश्न सरळ होते. त्याला शिकवलेले तेच तो विचारत होता. इनास त्याच पावसात रानवाटेने पलीकडे जाऊन आला होता, कतरीनची आई अखेरची आजारी होती म्हणून. वाडीत सगळ्यांना ते ठाऊक होते आणि कोणी ते कुठे बोलले नव्हते. त्या दिवशी दलातला एकजण बोलला. मी बोललो नाही... मी होकाराची मान हलवली.

"आपण देवाक विचारूया," आपा म्हणाले. इनास लगेच पुढे आला. "विचारा! माझी ना नाय. तेका म्हायत आसा."

वाचकांपैकी ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अडीअडचणीला आम्ही ग्रामदेवाचा कौल घेतो. गुरव देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्याआधी मानकरी गाऱ्हाणे घालतो, म्हणजे देवाला सगळी हकिकत सांगतो, आणि एकेका वाक्याला जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' हे आम्ही पाळण्यात शिकतो. जत्रेला किरिस्तावही येतात, नारळ ठेवतात, गाऱ्हाण्याला आमच्याबरोबर उभे राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रवळनाथाच्या देवळात सारी वाडी जमली. हवालदार बूट काढून दाराशी उभा होता. इनास टोपी हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे. आपांनी नारळ उचलला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! ही तुझी लेकरां तुझ्या दारात उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"आमची रापण चोरीक गेली, पोराबाळांच्या तोंडचो घास गेलो..."

"व्हय म्हाराजा!" यात इनासचा आवाज सगळ्यांच्या वर.

"ज्या कोणी ह्यां केल्यान, तेका तू आमका दाखवन दी..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यो इनास, ह्योच जर चोर आसात, तर उजवी कळी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो, आणि आमच्याबरोबर, सगळ्यांच्या वर, इनासही ओरडला.

 मग जो हशा उठला, तसा मी उभ्या आयुष्यात कोणत्या नाटकात ऐकला नाही. आपांच्या हातचा नारळ निसटून गडगडत गेला. गुरव भिंतीला टेकून डोळे पुसत होता. इनास स्वतः कपाळावर हात मारून हसत होता, "अरे मेल्यांनू, सवय रे ती! तोंडाक सवय!" आणि त्या हशातच उजवीकडची कळी घसरली आणि खाली पडली. दारातून हवालदार पुढे झाला आणि त्याने इनासचे मनगट धरले. "कबूल केलं की ह्यानं! देवासमोर! सगळ्यांसमक्ष! चल."

ही गोष्ट तुमच्यापैकी काहींनी माझ्या तोंडून ऐकली असेल. लग्नात, बारशाला, एकदा लाँचच्या टपावर बसून. मी ती इथेच संपवतो. हवालदाराचे ते 'कबूल केलं की' घाटी आवाजात म्हणतो, माझे स्वतःचेच मनगट धरतो आणि स्वतःला ओढत निघून जातो. लोक हसून लोळतात. आता उरलेला भाग ऐका. त्यात हशा नाही.

हवालदाराला सांगायला एकच वाक्य पुरले असते. ही आमची रीत आहे, ही कबुली नव्हे. देवळातल्या प्रत्येकाच्या जिभेवर ते होते. पण कळी उजवी पडली होती. कोण जाणे, देवानेच त्याच्या तोंडून वदवले असेल, असे प्रत्येकाच्या मनात येऊन गेले, आणि तेवढा वेळ पुरला. इनास एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. हसू अजून त्याच्या ओठांवरच होते. "सांगा रे तेका," तो म्हणाला. "आपांनू, सांगा मा." आपा वाकून नारळ शोधत होते. मग त्याने माझ्याकडे पाहिले. वाडीतला सगळ्यांत बोलका माणूस मी... मी हवालदाराच्या अनवाणी पायांकडे बघत उभा राहिलो.

काही दिवस त्याला ठाण्यावर ठेवले आणि पुरावा नाही म्हणून सोडले. पण वाडीने सोडले नाही. उरलेल्या जाळ्याला तुकडे जोडून रापण सुरू झाली आणि इनासला कोणी दोराला हात लावू दिला नाही. तो पुळणीच्या वरच्या बाजूला बसून दोर वळत आमच्याकडे बघायचा. पुढे बघेनासा झाला. कतरीनला आमच्या किनाऱ्यावरची मासळी मिळेना, म्हणून ती पहाटे खाडी ओलांडून परक्या गावच्या रापणीवर जायची आणि भर उन्हात टोपली घेऊन परत यायची. माझ्या दुकानासमोरून जाताना ती 'मासळी' म्हणून साद घालायची नाही.

दिवाळीनंतर हवालदार परत आला. किनाऱ्यावरच्या दुसऱ्याच बंदरात काही माणसे आमच्या जाळ्यासकट सापडली होती. त्यांनी कुलपाला हातसुद्धा लावला नव्हता. मांगराच्या मागच्या बाजूचे झाप सोडून जाळे काढले होते आणि झाप पुन्हा नीट बांधून ठेवले होते. आमच्या दलाने सगळा पावसाळा मांगराच्या पुढच्या दारावर पहारा केला होता. मागे जाऊन बघावे हे कोणाच्या डोक्यात आले नाही... चोर वाडीतलाच म्हटल्यावर मागे कशाला बघायचे? हवालदाराने दलाला पुळणीवर उभे केले, इनासला बोलावले आणि आपली टोपी काढली. "इनास, माझी चूक झाली. मला तुमची रीत ठाऊक नव्हती." मग तो आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "ह्यांना ठाऊक होती."

 आपा म्हणाले, "जावंदे आता झालां ता. इनास, ये, दोर धर." इनास आला आणि दोर धरला. पुढे पाण्यात नाही, मध्ये कुठेतरी.

काही दिवसांनी तो आपांकडे गेला. मी तिथेच होतो. "आपांनू," तो म्हणाला, "देवळात तुमी म्हटलास आणि सगळ्यांनी व्हय म्हटलां. आता तसेच उभे ऱ्हवा आणि म्हणा, इनास चोर न्हय. माका दुसरां काय नको." आपा अवघडले. "अरे, देवाचो कौल चुकलो ह्यां देवाकच जावन सांगू? कसां सांगू? आणि सगळ्यांका ठावक आसा मा आता!" "ठावक आसा," इनास म्हणाला, "पण म्हटल्यान नाय कोणी." ते गाऱ्हाणे झाले नाही. पुढे हवालदाराची बदली झाली, दल आपोआप मोडले, पट्ट्यांच्या टोपल्यांखाली ठेवायच्या चुंबळी झाल्या.

आणि मी गोष्ट सांगू लागलो. पहिल्यांदा सांगितली ती वाडीतल्याच एका पूजेला. तेव्हा सगळी सांगितली, मागचे झाप, हवालदाराची टोपी, सगळे. शेवटी मला काय सुचले कोण जाणे, आपांसारखा हात वर करून मी गर्जलो, "इनास चोर नाय रे म्हाराजा!" आणि अख्खा मांडव एका आवाजात ओरडला, "व्हय म्हाराजा!" इनास उठला, छातीवर हात ठेवून चारी बाजूंना वाकला आणि खाली बसला. मला वाटले, गड्याला नाव व्हायची हौस आहे. त्यानंतर मी कुठेही गोष्ट सांगायचा असलो की तो हजर. "नाटक्या, आज ता सांग." पुढे बसायचा, माझ्याआधी हसायचा, आणि शेवटच्या त्या आवाजाची वाट बघायचा. आपांनी जे घातले नाही ते गाऱ्हाणे तो माझ्याकडून घालून घेत होता, मांडवामागून मांडव, हे मला तेव्हा कळले नाही. की कळत होते?

कारण मी कात्री लावली. सोंगाड्याला कळते, हशा कुठे चढतो आणि कुठे उतरतो. हवालदाराने मनगट धरले की हशा टिपेला पोचतो, त्यापुढे लोक चुळबुळ करतात, पत्रावळी कुठे मांडल्यात ते बघू लागतात. आधी मी टोपीचा प्रसंग गाळला. मग झाप गाळले. मग एकदा शेवटचा 'व्हय म्हाराजा'ही गाळला आणि मनगट धरून निघून गेलो, आणि काय टाळ्या पडल्या! पुढे तसेच चालू राहिले. इनास येतच राहिला. एकदा पुळणीवरून परतताना म्हणाला, "नाटक्या, तुझी गोष्ट हल्ली आखूड झाली रे." मी म्हटले, "काथ्याचो दोर नाय आटत पावसात? तशी आटली." तो हसला. चांगल्या विनोदाला तो नेहमीच हसायचा.

यंदा माझ्या मुलीचे लग्न झाले. मुलगी वालावलला दिली, मोठे घराणे. मांडवाचे सगळे दोर इनासने बांधले. वऱ्हाड बसले, व्याह्यांनी फर्माईश केली, आणि मी मुलीचा बाप हे विसरून मांडवात उभा राहिलो. त्या दिवशीसारखी मी ती गोष्ट कधीच सांगितली नव्हती. मनगट धरले, स्वतःला ओढत नेले, व्याही उपरण्याने डोळे पुसत होते. हशा ओसरायच्या आत पुढून इनासचा आवाज आला. "आणि मगे?"

"मगे काय?" मी म्हटले. "मगे पंगत! उठा, पानां मांडली!"

पुन्हा हशा. इनास उठला आणि पानांना पाणी लावू लागला.

दुपारी भरती लागली, वऱ्हाड होडीकडे निघाले. माझ्या मुलीची ट्रंक इनासने उचलली. तिला त्याने लहानपणी खांद्यावर घेऊन रापण दाखवली होती, ट्रंक तोच नेणार हे ठरलेलेच होते. व्याह्यांचे धाकटे भाऊ पुढे झाले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुमी ऱ्हवांदे. आमी नेतंव." आणि ट्रंक त्याच्या हातातून काढून घेतली. मी ते पाहिले. इनासने माझ्याकडे पाहिले, तेही मी पाहिले. मला सगळे समजले. पण मुलगी रडत होती, ओटीचे नारळ द्यायचे होते, भरती थांबत नसते... नंतर सांगू, म्हटले. लग्नानंतर त्याला ताप आला असे कळले. बघायला जाताना एक चांगली नवी गोष्ट घेऊन जावी म्हणून मी थांबलो. मग घंटा वाजली.

त्याच्या महिन्याच्या मिसेला, म्हणजे त्याच्यासाठीच्या प्रार्थनेला, मी इगर्जीत मागे उभा राहिलो. बाहेर आल्यावर कतरीनला म्हटले, "मी वालावलाक जातंय. गोष्ट पुरी करून येतंय." 

होडीने खाडीतून वर गेलो. ओसरीवर व्याही होते, त्यांचे भाऊ होते, आणखी दोघे. चहा झाला. मी म्हटले, "लग्नात मी एक गोष्ट सांगलंय, ती अर्धी ऱ्हवली." व्याह्यांचा चेहरा उजळला. "ती कौलाची? व्हय म्हाराजा! काय हसलंव आमी!" "त्यातलो माणूस गेलो," मी म्हटले. "अरेरे. कोण? तो चोर?" सुतार म्हणावे, भटजी म्हणावे, तसे म्हणाले. मनात काही नव्हते त्यांच्या.

मी सगळे सांगितले. हात न हलवता, आवाज न काढता. झाप, टोपी, 'ह्यांना ठाऊक होती', सगळे.  मध्ये एकाने सुपारी कातरली. झाल्यावर व्याह्यांचे भाऊ आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाले, "ट्रंक मी काढून घेतलंय तेच्या हातातली... पण माका कसां कळतला, व्याहीबुवा? तुमी सांगलास नाय."  मी परतीच्या होडीत बसलो.

कतरीन ओट्यावर होती. मी पायरीवर टेकलो.

"सांगलास?"

"सांगलंय."

"सगळां?"

"सगळां गो बाय. एक शब्द गाळूक नाय."

"कोण कोण होते?"

"चारजण होते."

तिने मान हलवली. मग विचारले, "आणि लग्नाक किती होते, भाऊ?"

  तिने उठून पदर खोचला आणि म्हणाली, "चला माझ्यावांगडा. ह्येंचां कांबळां मांगरात ऱ्हवलां. एकटी नाय जावचंय."

तेव्हा मला कळले, की त्या हंगामानंतर इनास मांगरात कधी एकटा गेला नव्हता. दोर आणायचा असो की जाळे, किनाऱ्यावर जो दिसेल त्याला हाक मारायचा, "चल रे माझ्यावांगडा. दोघे आसले काय देवाक विचारूक नको." आता रापणीतली तरणी मुलेसुद्धा जोडीनेच मांगर उघडतात. का म्हणून विचारले तर सांगतात, आत साप-जनावर निघते म्हणून. मी रोज किनाऱ्यावर असतो. मी हे इतकी वर्षे पाहिले आणि त्याची गोष्ट केली नाही, एवढेच.

कतरीनने दार उघडले. "तुमी हयच ऱ्हवा, उजेडात," ती म्हणाली. मी उंबऱ्यावर उभा राहिलो. ती आत गेली, कांबळे घेऊन बाहेर आली. ओहोटीची वेळ होती, पुळणीवर चिटपाखरू नव्हते. तरी तिने ते कांबळे दोन्ही हातांनी पुरते उघडले, झटकले, एक बाजू दाखवली, दुसरी दाखवली, आणि मग त्याची घडी घातली.